एकाच कागदावरची दोन नावं

माझ्या आईला दोन नावं आहेत. एक माहेरी, सागर गावी, तिच्या आईवडिलांनी ठेवलेलं, कुसुम. दुसरं दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, लग्नाच्या दिवशी ताटातल्या तांदळावर अंगठीनं लिहिलेलं, रेणुका. लग्न झाशीत लक्ष्मी तालाच्या काठी महालक्ष्मीच्या देवळात झालं, मोजून चाळीस माणसांत, आणि नाव दादांनी कुणाला न विचारता स्वतःच्या मनानं लिहिलं. रेणुका आमची कुलदेवी. दादांना वाटलं, याहून चांगलं नाव कुठलं असणार. पण दादांना लहानाचं मोठं केलेली त्यांची आत्या, आमची आत्याआजी, दुसऱ्याच दिवशी सकाळी अडली. नव्या सुनेच्या हातून दूध उतू गेलं आणि आत्याआजीच्या तोंडून हाक निघेना. देवीचं नाव घेऊन कुणाला रागवायचं कसं? ‘रेणुके, लक्ष कुठंय तुझं?’ असं म्हणायला तिची जीभ वळेना, आणि सुनेला रागवायचंच नाही हे तर तिच्यानं होण्यासारखं नव्हतं. तिनं सरळ सांगून टाकलं की माहेरचंच नाव बरं आहे. तेव्हापासून आई कुसुम राहिली ती राहिलीच. रेशनकार्डावर कुसुम, मतदार यादीत कुसुम, पोस्टाच्या पासबुकात कुसुम. तांदूळ त्याच दिवशी भातात शिजून गेले. रेणुका हे नाव आमच्या घरात पुन्हा निघालं ते थेट आरतीत.

आम्ही प्रेम नगरात भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. पुढे फरशीचं लहानसं अंगण, अंगणात नळ, नळाशेजारी दादांची लोखंडी खाट. रेल्वेच्या कारखान्याचा भोंगा झाला की आई कणीक भिजवायला घेई, दुसरा भोंगा झाला की तवा चढे. शेजारणी सगळ्या बुंदेलखंडी. त्यांच्याकडून ताकात शिजवलेल्या महेरीची वाटी यायची, आमच्याकडून मेतकुटाची जायची. मी रस्त्यावर हिंदी, शाळेत हिंदी, मनातल्या मनात हिंदी. मराठी मला कळायचं सगळं, पण बोलताना मी ‘मी जाती आहे’ छापाचं काहीतरी बोलायची आणि आत्याआजी कपाळाला हात लावायची. ती मला म्हणे, शैले, तू मराठी बोलतेस ते ऐकून पुण्याचा माणूस तिकीट काढून परत जाईल. ती पुण्याला कधी गेली नव्हती हा भाग वेगळा.

दादा फौजेत बिनतारी संदेशाच्या कामावर हवालदार होते. आमच्या नात्यात सगळे भिक्षुक नाहीतर कारकून, त्यामुळे त्यांचं फौजेत जाणं लोकांना बरीच वर्षं पटलं नव्हतं. भरतीनंतर पुढे लग्न झालं तेव्हा त्यांनी फौजेच्या कागदांत बायकोचं नाव लिहिलं ते रेणुका. त्यांच्या लेखी लग्नात ठेवलेलं तेच खरं नाव, घरचं म्हणजे आपलं हाक मारायला. निवृत्त होताना पेन्शनच्या कागदांवर नवराबायकोचा एकत्र फोटो लावायचा असतो, तो लावायचा राहून गेला. कारण खुर्चीला खुर्ची लावून जोडप्यानं फोटो काढणं आत्याआजीच्या मते नाटकवाल्यांचं काम होतं. दादा पुढच्या वेळी बघू म्हणाले. पुढची वेळ आली नाही.

आणि त्यांची पत्रं येत ती आत्याआजीच्या नावानं. ही आमच्याकडची रीत होती. घरातल्या मोठ्या माणसाच्या नावानं पत्र, त्यात सगळ्यांची खुशाली, पावसापाण्याची चौकशी, आणि शेवटी एक ओळ, ‘घरात सर्वांस यथायोग्य.’ त्या ‘सर्वांस’मध्ये आई. आत्याआजी पत्र मोठ्यानं वाची, आई चुलीपाशी बसून ऐके. माणूस महिनोन्‌महिने हिमालयात आणि बायकोच्या वाट्याला दोन शब्द, तेही शेजारच्या गाईपर्यंत सगळ्यांत वाटून. मला आज त्याचा राग येतो. आईला कधी आल्याचं मी पाहिलं नाही.

दादा गेले ते ऐन ज्येष्ठातल्या दुपारी, अंगणातल्या खाटेवर. फौजेतून येऊन ते एका कारखान्याच्या फाटकावर नोकरी करत होते. रात्रपाळी करून आले, आंघोळ केली, ट्रान्झिस्टर लावला आणि पडले. आईनं जेवायला हाक मारली तेव्हा ट्रान्झिस्टर चालू होता. मी सतरा वर्षांची होते. आत्याआजी त्याच्या दोन वर्षं आधीच गेली होती. घरात आम्ही दोघी उरलो. नंतरचे किती तरी दिवस आमच्याकडे फोडणी झाली नाही. वरण उकडायचं, मीठ घालायचं, गिळायचं. मोहरी तडतडल्याचा आवाज नाही तर घर किती रिकामं वाटतं हे मला तेव्हा कळलं. शेजारणी येत, बसत, जात. आई रडत नसे. ती दादांची ट्रंक उघडून एकेक कागद काढी आणि पाटावर पसरून बघत राही.

सैनिकांच्या विधवांच्या पेन्शनचे कागद तपासायचं ऑफिस तेव्हा एका जुन्या बंगल्यात होतं. बाहेर कडुलिंबाचं झाड, झाडाखाली बाकं, बाकांवर बायका. बहुतेक सगळ्या खेड्यांतून आलेल्या, डोक्यावरून पदर, मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीत नवऱ्याचं सगळं आयुष्य. आत तिवारीबाबू बसत. ते वाईट माणूस नव्हते हे मी आज सांगू शकते. तेव्हा मला ते राक्षस वाटत. त्यांनी दादांचं डिस्चार्ज बुक उघडलं, आईचे कागद शेजारी ठेवले, चष्मा वर केला आणि सरळ विचारलं, “रेकॉर्ड में पत्नी का नाम रेणुका है. आप कुसुम हैं. तो रेणुका कहाँ है?”

आई म्हणाली, मीच. लग्नात नाव बदलतात आमच्यात. तिवारीबाबूंनी ऐकून घेतलं. आडनाव बदलतं हे त्यांना ठाऊक होतं, पण आईबापांनी ठेवलेलं नावच बदलून टाकायचं, आणि तेही तांदळात लिहून, हे त्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं. बरं, बदललं तर मग वापरलं का नाही? आईनं देवीचं, आत्याआजीचं, उतू गेलेल्या दुधाचं सगळं सांगितलं. सांगताना तिलाच ते किती विचित्र वाटतंय हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्यांनी आवाज खाली आणला, आणि तो खाली आणणंच मला जास्त लागलं. ते म्हणाले, माताजी, बुरा मत मानिए, फौजी आदमी बीस जगह रहता है, हमारे यहाँ ऐसे केस आते हैं, एक घर यहाँ, एक घर वहाँ. कल को कोई रेणुका आकर खड़ी हो गई तो?

पैशांची ओढाताण होतीच, पण खरी गोष्ट ती नव्हती. खरी गोष्ट ही होती की एका सरकारी खोलीत माझ्या आईला सांगण्यात आलं होतं की तू त्याची बायको आहेस याला पुरावा नाही. अशा गोष्टी बंगल्याच्या आवारात राहत नाहीत. पंधरा दिवसांत अर्ध्या प्रेम नगरानं ठरवून टाकलं की हवालदारसाहेबांची आसामकडे दुसरी बाई होती, रेणुका नावाची. समोरच्या चाचीनं तर तिचा रंगही गोरा असल्याचं सांगितलं. मी उशीत तोंड घालून रडले आणि आईला म्हटलं, सोडून दे, मी नोकरी करते. आई भाजी निवडत होती. तिनं मान वर केली नाही. “नोकरी तू कर,” ती म्हणाली. “पण त्यांची बायको मी आहे, आणि हे मी त्या ऑफिसवाल्यांकडून लिहून घेणार आहे.”

मग सुरू झाली ती दीड वर्षाची पायपीट. वकिलाकडून प्रतिज्ञापत्र केलं. तिवारीबाबू म्हणाले, यात तुमचंच म्हणणं तुम्हीच लिहिलंय. वॉर्डाच्या सभासदाचा, म्हणजे नगरसेवकाचा, दाखला आणला. ते म्हणाले, हे लग्नाला होते का? नव्हते. लग्न लावणारे भटजी वारलेले, आत्याआजी वारलेली, सागरचे मामा वारलेले. चाळीस वऱ्हाड्यांपैकी जे सापडले त्यांना ताटात काय लिहिलं होतं ते आठवेना, जेवणात श्रीखंड होतं एवढं मात्र सगळ्यांना आठवत होतं. आई दर मंगळवारी जायची. निळं लुगडं, हातात पिशवी, पिशवीत पाण्याची बाटली आणि पोळीभाजी, म्हणजे दुपारपर्यंत बसवून ठेवलं तरी अडायला नको. तिवारीबाबूंनी एकदा वैतागून विचारलं की माताजी, आप थकती नहीं? ती म्हणाली, मंगळवारी मला तसाही उपास असतो. नसायचा. पोळी पिशवीतच होती.

त्या बाकावरच आम्हाला रामकली भेटली. मोठ तहसिलीतल्या एका गावची, शिपायाची विधवा, आईच्याच वयाची. ती पहाटेच्या बसनं येई, पदराला भाजलेले हरभरे बांधलेले असत आणि ते ती बाकावरच्या सगळ्यांना वाटे. तिच्या नवऱ्यानं लग्न झाल्याचं फौजेला कळवलंच नव्हतं. कागदोपत्री तो ब्रह्मचारी मेला होता आणि घरी चार पोरं होती. ती ही गोष्ट इतकी हसून सांगायची की आधी आम्हाला काय करावं कळत नसे. एक दिवस आमची हकिगत दहाव्यांदा ऐकल्यावर ती मला म्हणाली, “काए बिन्नू, तुमाए बाबू चिट्ठी नईं लिखत हते का? हमाए तो अँगूठा छाप हते. तुमाए तो पढ़े-लिखे हते.”

मी म्हटलं, लिहीत होते, पण आत्याआजीच्या नावानं. आईनं पिशवी आवरली. घरी आल्यावर तिनं हातपाय धुतले, देवापाशी दिवा लावला, मग फळीवरचा पापडांचा पितळी डबा काढला. पापडांखाली जुनी पंचांगं होती, पंचांगांत एक निळं अंतर्देशीय पत्र. मी जन्मभर त्या डब्यातले पापड खात होते आणि मला त्याचा पत्ता नव्हता.

झालं होतं असं की मी वर्षाची असताना आत्याआजी महिनाभर चित्रकूटला गेली होती. दादांना ते कळलं आणि त्यांनी जन्मात एकदाच धाडस केलं, पत्र थेट बायकोला लिहिलं. बाहेर पत्ता, ‘श्रीमती रेणुका’, खाली प्रेम नगर, झाशी. मागच्या बाजूला त्यांचा फौजी नंबर, हुद्दा, पलटण, आणि वर फौजी डाकेचा काळा शिक्का. आणि घडी उलगडली की आत पहिलीच ओळ, ‘प्रिय कुसुम’. एकच कागद. बाहेर एक बाई, आत तीच बाई.

मी अंगणात नाचायचीच बाकी होते. मग मी चिडले. दीड वर्ष आपण उन्हातान्हात हिंडलो आणि हे पापडाखाली होतं? आई डब्याचं झाकण लावत म्हणाली की तिला ते कधी कागद वाटलंच नव्हतं. “ते माझं होतं,” ती म्हणाली. “ते कुणाला दाखवायचं असतं का?” मला तेव्हा हे उत्तर वेडेपणाचं वाटलं. आता मी जवळपास साठीला आले, माझ्याही पापडाखाली काय काय आहे, आणि मला तिचं म्हणणं कळतं.

मंगळवारी सदर बाजारात जाऊन आम्ही झेरॉक्स काढली, तेव्हा ती नवलाई होती. एक प्रत बाहेरच्या बाजूची, एक आतल्या बाजूची. तिवारीबाबूंनी दोन्ही प्रती शेजारी शेजारी ठेवल्या, पुन्हा पुन्हा पाहिल्या आणि त्यांचाही चेहरा पडला. एका कागदावर रेणुका होती, दुसऱ्या कागदावर कुसुम. यंत्रानं एका बाईच्या दोन करून दिल्या होत्या. ते म्हणाले, ये तो फिर दो काग़ज़ हो गए, माताजी. असली लाइए, साहब के सामने खोलेंगे. और अनुवाद चाहिए, पूरा. चिट्ठी मराठी में है.

साहेब म्हणजे निवृत्त कर्नल, उंच, पांढऱ्या मिशा, एका कानानं कमी ऐकू येणारे. पुढच्या मंगळवारी त्यांच्या खोलीत आम्ही चौघं होतो, साहेब, तिवारीबाबू, आई आणि मी. आईनं पत्र पिशवीतून काढलं, पदरानं टेबल पुसलं आणि मग त्यावर ठेवलं. कर्नलसाहेबांनी शिक्का पाहिला, नंबर डिस्चार्ज बुकाशी ताडून पाहिला, दादांचं अक्षर सहीशी ताडलं, कागद उजेडाकडे धरून पाहिला. मग ते म्हणाले की आतला मजकूर वाचून हिंदीत सांगा, तिवारी लिहून घेतील, आणि काहीही गाळू नका, कारण खाली मला लिहायचं आहे की हा संपूर्ण आणि खरा अनुवाद आहे. आई माझ्याकडे बघून म्हणाली, “वाच.”

माझं मराठी वाचन ते किती. अडखळत अडखळत मी माझ्या वडिलांचं माझ्या आईला आलेलं पत्र तीन अनोळखी कानांसमोर वाचलं, एक ओळ मराठी, एक ओळ हिंदी. दादांनी लिहिलं होतं की आत्या चित्रकूटला गेल्याचं कळलं म्हणून हे थेट तुला. वर रेणुका लिहिलंय म्हणून घाबरू नकोस, फौजेच्या वहीत मी तुझं तेच नाव दिलं आहे. सोबती विचारतात घरवालीचं नाव काय, मी रेणुका सांगतो, आणि मग मलाच क्षणभर प्रश्न पडतो की ही कोण. मग शेगडी फुंकताना लाल झालेले तुझे डोळे दिसतात आणि उलगडा होतो. इथं बर्फ आहे, डाळ शिजत नाही, तुझ्या वरणाची आठवण येते. शैलूला दात आले का? आले असतील तर वरचे आधी की खालचे, ते कळव. हे वाचून मी कागद टेबलावर टेकवला. कर्नलसाहेबांनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. मी पाणी प्याले आणि पुढं वाचायला घेतलं, आणि पुढची ओळ डोळ्यांनी वाचून मी ती गाळली. अठरा उलटलेली मुलगी होते, पत्र वडिलांचं होतं, मला ती ओळ माझ्या तोंडानं म्हणता येणं शक्य नव्हतं. मी सरळ ‘कळावे’वर आले.

तिवारीबाबूंनी पेन खाली ठेवलं. कर्नलसाहेब सही करायला पुढं झुकले. आई म्हणाली, थांबा.

“एक लाइन इसने छोड़ दी है,” ती म्हणाली. आवाज नेहमीचाच, भाजीवालीशी बोलताना असतो तसा. “लिखिए. काम पर बैठता हूँ, कान में मशीन लगी रहती है, और कभी-कभी उसमें ख़ाली खरखराहट होती है. तब तुम नहाकर बाल सुखाने बैठती हो, वह तुम्हारी गीली पीठ याद आती है.”

पंखा फिरत होता. तिवारीबाबू लिहीत होते, मान खूप खाली घालून. आईनं कागदाकडे एकदाही पाहिलं नव्हतं. माझ्या गालांना चटके बसत होते आणि मला ती खोली, ती खुर्ची, जमलं तर झाशी शहर सोडून जायचं होतं. आई म्हणाली, “पूरा माँगा था आपने. अब पूरा हुआ.” कर्नलसाहेब उभे राहिले. मला वाटलं ते खिडकी उघडायला उठले. ते आईसाठी उठले होते. उभ्यानंच त्यांनी सही केली.

पण त्यांच्या सहीनं भागणार नव्हतं. निर्णय दूरच्या रेकॉर्ड ऑफिसचा होता, आणि प्रती म्हणजे दोन कागद हे तिथंही खरंच होतं. मूळ पत्रच रजिस्टर पोस्टानं पाठवावं लागणार होतं. परत येईल का, असं मी विचारलं. कर्नलसाहेब खोटं बोलले नाहीत, म्हणाले, येतं कधीकधी. मी आईच्या कानाशी लागून म्हटलं, नको देऊस. तिनं ते पत्र हातात घेतलं, घडीवरून एकदा बोट फिरवलं. मग तिवारीबाबूंना म्हणाली की मला पावती हवी, ‘मूळ पत्र एक, परत करण्याच्या बोलीवर’ असं लिहून, शिक्का मारून. अशी पावती द्यायची पद्धत नव्हती. ती बसून राहिली. दुपारी दोन वाजता पावती मिळाली. घरी येऊन मी म्हटलं, तुला पाठ आहे तर सांग, मी उतरवून ठेवते. ती म्हणाली, तुझ्या अक्षरातलं ते पत्र घेऊन मी काय करू?

पाच महिन्यांनी मंजुरी आली. कागदावर छापलं होतं, पत्नी रेणुका उर्फ कुसुम. आईनं तो कागद घेऊन प्रथम समोरच्या चाचीचं दार वाजवलं आणि म्हणाली, भाभीजी, आसामवाली आ गई है, चाय पिलाओ. त्या संध्याकाळी आमच्याकडे फोडणीचं वरण झालं, लसूण, हिंग, लाल मिरची, आणि ठसका लागून आम्ही दोघी खोकत खोकत हसलो.

सगळ्यांना वाटलं, संपलं. आईचं संपलं नव्हतं. पुढच्या मंगळवारी ती पुन्हा बाकावर हजर. तिवारीबाबू म्हणाले, माताजी, अब क्या? तिनं पावती काढून ठेवली. पेन्शन सरकारनं दिली, पत्र माझं आहे, ते परत करा. तेव्हापासून दर तीन महिन्यांनी एक अर्ज. लिहायची मी. ‘महोदय, सविनय निवेदन है’ हे मी इतक्यांदा लिहिलं की पुढे नोकरीच्या मुलाखतीत मला अर्ज लिहायला सांगितला तेव्हा हात आपोआप चालला. एकीकडे रामकलीचेही अर्ज मीच लिहीत होते, कारण आईनं तिला परस्पर कबूल करून टाकलं होतं. रामकलीचं काम तिच्या थोरल्या मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर झालं. ती पेढे घेऊन आली आणि आईला म्हणाली, अब तुम चिट्ठी छोड़ दो जिज्जी. आईनं पेढा खाल्ला आणि विषय बदलला. तिवारीबाबू निवृत्त झाले. कर्नलसाहेब गेले. नवीन बाबूला आधीचं काही माहीत नव्हतं. आईनं त्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं, तांदूळ, देवी, दूध.

हल्ली नोव्हेंबर आला की पेन्शनच्या हयातीच्या दाखल्यासाठी मी मोबाईल तिच्या तोंडासमोर धरते. ती जिवंत आहे हे सरकारला आता फोनच सांगतो. पापण्या मिटा, उघडा, असं तो सुचवतो आणि ती त्याला मिचकावून दाखवते. गल्लीतल्या दोनतीन म्हाताऱ्यांचंही मीच करून देते. फोनवर हिरवी खूण उमटली की आई विचारते, कुठलं नाव आलं? मी दोन्ही वाचून दाखवते. मग ती समाधानानं पान खाते. त्र्याऐंशी वर्षांची आहे, बरंचसं विसरते, सकाळी जेवली की नाही तेही. हा प्रश्न मात्र विसरत नाही.

पत्र परत आलं ते पाठवल्यावर सहा वर्षांनी. मी नोकरीला लागले होते, त्या दिवशी सुट्टी होती. थंडीतली सकाळ, दहा वाजले असतील. आई न्हाऊन अंगणात, दादांच्या खाटेवर, उन्हाकडे पाठ करून केस वाळवत बसली होती. पोस्टमन दारात आला, खाकी लिफाफा, रजिस्टर. तो आमच्या गल्लीत वर्षानुवर्षं येणारा, सगळ्यांना नावानिशी ओळखणारा. त्यानं वही पुढे केली. आईनं पेन घेतलं आणि सावकाश, एकेक अक्षर काढत, सही केली. ती आयुष्यभर कुसुम लिहीत आली होती. बँकेत, पोस्टात, माझ्या प्रगतिपुस्तकावर, त्या तेवीस अर्जांवर. पोस्टमननं वही उलटी फिरवून वाचली आणि म्हणाला, अम्माजी, ये क्या लिख दिया, आप तो कुसुम हैं.

आईनं लिफाफा फाडला होता. निळा कागद बाहेर काढला होता. त्याला कोपऱ्यात फायलीची दोन भोकं पडली होती आणि वर लाल शाईत कसला तरी नंबर. तिनं पत्त्याची बाजू त्याच्यासमोर धरली.

“चिट्ठी रेणुका की है,” ती म्हणाली. “तो लेगी भी रेणुका ही.”

पोस्टमन गेला. ती पुन्हा उन्हाकडे पाठ करून बसली, केस पुढे घेतले, घडी उलगडली आणि वाचू लागली. तिच्या लुगड्याची पाठ अजून ओली होती. मी तिला हाक मारणार होते, मारली नाही.